हळदकुंकू लागलेला प्रोसेसर

आबा,

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या गारखेड्याच्या दुकानात एक लॅपटॉप आला. मागचं झाकण उघडलं, तर आत, बरोबर प्रोसेसरच्या माथ्यावर, हळदीकुंकवाची दोन बोटं उठलेली. इतकी वर्षं मी हे काम करते. चहा सांडलेले, उंदरानं कुरतडलेले, भांडणात भिंतीवर आपटलेले लॅपटॉप माझ्या हाताखालून गेले, पण पूजा झालेला प्रोसेसर मी पहिल्यांदाच पाहिला. एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही, कारण तो घेऊन आलेली पोरगी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उभी होती, आणि तिच्या मागे तिची आई पदराचा बोळा तोंडाशी धरून. कुंकू त्या आईनंच वाहिलं होतं.

झालं असं की पोरीचा भाऊ वाळूजला एका कंपनीत फिटर. खंडेनवमीला त्यानं आपले पाने, पकडी, गाडी सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलं. बहिणीचा लॅपटॉप फार तापतो, तर त्याचीही साफसफाई होऊन जाऊ दे म्हणून तो खोलला, पंखा काढला आणि प्रोसेसरवर वाळून बसलेली, उष्णता ओढून नेणारी पेस्ट चक्क स्टीलच्या पट्टीनं खरवडली. खरवडता खरवडता आईला दाखवलं, "हे बघ, हा ह्याचा मेंदू." झालं. "आता मला काय ठावं?" ती बाई मला म्हणाली. "सगळ्या पान्यांना कुंकू लावलं, अन् मेंदूच कोरडा ठेवू व्हय?" माझी जीभ तुम्हाला माहीत आहेच. मी म्हणाले, "मावशी, आता दिवाळीला टीव्हीला उटणं लावून आंघोळ घाला." तिनं पदराचा बोळा पुन्हा तोंडाशी नेला. पोरगी मात्र म्हणाली, "ताई, तिला बोलू नका. उद्या माझी तारीख हाय."

तारीख पोराच्या ताब्याची होती. तिचा चार वर्षांचा मुलगा नवऱ्याकडे होता. ती घरातून निघाली तेव्हा त्यांनी पोराला ओढून ठेवून घेतलं होतं आणि आता कोर्टात म्हणत होते, हिला पोराची माया नाही, ही स्वतःच टाकून गेली. तो माणूस तिला आणि पोराला काय काय बोलायचा, मारायच्या धमक्या कशा द्यायचा, ते तिनं फोनवर रेकॉर्ड केलेलं होतं. फोन त्यानं फोडला, पण फोडायच्या आधी ते सगळं लॅपटॉपवर उतरलेलं होतं. दुसरीकडे कुठेच नाही. वकिलानं मागितलं होतं आणि हिनं दसरा झाला की देते म्हणून सांगितलं होतं. मी विचारलं, दुसऱ्या मशीनला ही डिस्क लावून पाहिली का. तिचा भाऊ ते करून बसला होता. डिस्कला कुलूप होतं. हे आजकालचं कुलूप असं असतं आबा, की त्याची किल्ली प्रोसेसरच्याच पोटात असते. एक लांबलचक आकडा घातला तर ते दुसरीकडेही उघडतं, पण तो आकडा नवऱ्याच्या इंटरनेटवरच्या खात्यात साठवलेला. म्हणजे नवा प्रोसेसर आणून काही उपयोग नाही. हाच उठला पाहिजे, नाहीतर त्या रेकॉर्डिंगवर पाणी सोडायचं, आणि मग कोर्टात एकीकडे त्यांचं म्हणणं आणि दुसरीकडे हिचं नुसतं रडणं.

मी प्रोसेसर मायक्रोस्कोपखाली घेतला. तुम्ही एकदा माझ्या बजाजनगरच्या खोलीवर आला होतात ते तुम्हाला आठवत असेल तर बघा. मी तेव्हा दिवसा कंपनीत बोर्डावर पार्ट बसवायचे आणि सुट्टीच्या दिवशी खोलीवर लोकांची दुरुस्ती करायचे. तुम्ही अजिंठ्याहून एसटीनं आलात, घोंगडी खांद्यावरून उतरवलीत, ज्वारीचं गाठोडं कोपऱ्यात ठेवलंत आणि बराच वेळ नुसते माझ्या हाताकडे बघत बसलात. मी तुम्हाला भिंगातून असाच एक प्रोसेसर दाखवला. मधे आरशासारखा चकचकीत तुकडा आणि भोवती रव्याच्या कणाएवढे पार्ट ओळीनं बसलेले. तुम्ही डोळा भिंगाला लावलात आणि म्हणालात, "ही कुणाची मेंढरं म्हणायची?" मी सांगितलं, बहुतेक कपॅसिटर आहेत, करंट थोडा थोडा साठवून धरतात. अधूनमधून रेझिस्टर असतो, तो करंटला अडवतो. बोर्डावरच्या मोठ्या रेझिस्टरवर निदान आकडा तरी लिहिलेला असतो, इथे कुणावर काहीच लिहिलेलं नसतं, सगळे सारखे दिसतात. तुम्ही डोळा न काढता म्हणालात, "सारखं काय नसतंय. तुला अजून वळख नाय."

वळख. हा शब्द मी लहानपणी तुमच्याकडून इतक्यांदा ऐकला आहे की तो मला शिवीसारखा लागायचा. संध्याकाळी मेंढ्या रानातून परत येतात, वाड्यात कोंडलेली कोकरं सोडायची वेळ होते, आणि एकच गलका उठतो. तुम्ही मधे उभे. एकेक कोकरू उचलता आणि त्याच्या आईपुढे सोडता, न बघितल्यासारखं. मी सात-आठ वर्षांची, मलाही हौस, मी एक काळ्या कानाचं कोकरू उचलून काळ्या कानाच्या मेंढीपुढे ठेवते. तिनं त्याला असं ढुशीनं उडवलं की ते दगडावर जाऊन पडलं आणि दोन दिवस लंगडत होतं. तुम्ही माझ्या पाठीत एक धपाटा घातलात. "रंग बघून लेकरू देऊ नको. पिल्लाकडं बघूच नको. कोणती वरडायली ते बघ." मी रडत होते, आणि तुम्ही मात्र त्या लंगड्या कोकराला कडेवर घेऊन गलक्यात कान देऊन उभे. कळपाच्या पार दुसऱ्या टोकाला एक पांढरीफटक मेंढी मान वर करून ओरडत होती. ती त्याची आई निघाली.

तर त्या प्रोसेसरवर, चकचकीत तुकड्याच्या डाव्या अंगाला, दोन जागा रिकाम्या होत्या. पट्टीनं दोन पार्ट उडवले होते. एखादा कपॅसिटर गेला तर पुष्कळदा मशीन कुरकुर न करता चालतं, पण इथे काहीच चालत नव्हतं, म्हणजे दोहोंपैकी एक तरी महत्त्वाचा होता. माझ्याकडे त्या जातीचा भंगार प्रोसेसर नव्हता की ज्यावरून बघून ठरवावं. बाजारातल्या ओळखीच्या सगळ्यांना फोन केले, कुणाकडेच नव्हता. मी विचारलं, खरवडलेलं कुठे टाकलं? आई पुढे झाली. "टाकीन कसं? पुजेचं व्हतं ते. सगळं झाडून निर्माल्याच्या पिशवीत भरलं." पिशवी कुठे आहे? "दाराच्या खिळ्याला." आणि मग तिचा चेहरा उतरला, कारण शेजारीण आज सगळ्या गल्लीचं निर्माल्य तळ्यावर न्यायची होती आणि तिचा फोन लागत नव्हता. ती बाई रिक्षा करून बजाजनगरला घरी पळाली. मी आणि ती पोरगी दुकानात बसून राहिलो. पोरगी एकसारखी त्या पाटीकडे बघत होती जिच्यावर मी दुकानाच्या वेळा लिहिते. मी तिला चहा दिला, तो तिनं तसाच गार केला. खरं सांगू, मलाही तो दीड तास बसवला नाही. मी उगाच ड्रॉवर आवरत होते.

पिशवी मिळाली. शेजारीण जिना उतरत असताना त्या बाईनं तिच्या हातातून ती ओढून घेतली होती, असं तिनं धापा टाकत सांगितलं. मी ताटात पांढरा कागद पसरला आणि पिशवी रिकामी केली. झेंडूच्या पाकळ्या, आपट्याची पानं, नारळाच्या शेंड्या, कापराची काजळी, कुंकवाच्या अक्षता, आणि पाने-पकडी पुसलेले बोळे, त्यांतून गळलेला लोखंडाचा कीस. पाकळ्या झटकून बाजूला काढल्या. या पार्टांच्या टोकांना निकेल असतं, चुंबक त्यांना ओढतं, म्हणून मी चुंबकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून ते ताटावरून फिरवलं. लोखंडाचा कीसही सगळा त्यालाच चिकटला, हे ओघानं आलंच. मग एकेक चिमूट घेऊन मायक्रोस्कोपखाली बघत बसले. माय-लेकी दोघी माझ्या खांद्यावरून वाकलेल्या. मी एकदा ओरडले, "उजेड अडवू नका!" आणि त्या दोघी एकदम मागे सरकल्या. कीस वाकडातिकडा असतो, त्याला कडा नसतात. चौकोनी, दोन्ही टोकांना चमक असलेला पहिला कण सापडला, तो मी चिमट्यानं उचलून वेगळा ठेवला. दुसरा अक्षतेच्या एका दाण्याला चिकटून होता.

आता दोन पार्ट, दोन जागा. आणि दोन्ही पार्ट हळदीनं पिवळे, कुंकवानं लाल. एरवी कपॅसिटर तपकिरी असतो आणि रेझिस्टरची पाठ काळी, तेवढं तर मी अर्धवट झोपेतही ओळखते. इथे रंगच राहिला नव्हता. स्पिरिटनं पुसले, कुंकू गेलं, हळद कसली जाते! एकाची पाठ जरा गडद वाटली. मीटर लावला. गडद दिसणारा करंट साठवत होता, म्हणजे कपॅसिटर. फिका दिसणारा करंट अडवत होता, म्हणजे तो रेझिस्टर. डोळ्यांनी सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलट. पोरगी म्हणाली, "मग झालं ना ताई? बसवा की." झालं कुठे. कुठला कुठे बसवायचा हे अजून राहिलंच होतं, आणि ते चुकलं तर रेझिस्टर पॉवरच्या ओळीत बसून करंटला नको तिथे वाट देतो, आणि प्रोसेसर एका क्षणात जळून जातो. मग त्याच्या पोटातली किल्ली ब्रह्मदेवालाही काढता येत नाही.

मी रिकाम्या जागा मीटरनं तपासल्या. वरची जागा शेजारच्या कपॅसिटरांशी जुळत होती, पॉवरची ओळ. खालची जागाही तशीच जुळत होती. दोन्ही जागा कपॅसिटरच्याच? मग हा रेझिस्टर कुठला? घरातल्या दुसऱ्या कशातून उडालेला आणि निर्माल्यात मिसळलेला? भावानं त्या दिवशी आणखी काय खोललं होतं? पोरीनं फोन लावला, तो म्हणाला, फक्त लॅपटॉप. मी पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. चिमटा हातात, मान अवघडलेली, आणि बाहेर दुपार कलायला लागलेली. वकील दर थोड्या वेळानं पोरीला फोन करत होता, ती "व्हय साहेब, होतंय" म्हणत होती आणि माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, सरळ रेझिस्टर वर बसवावा आणि खाली कपॅसिटर, नशिबावर सोडावं. कळपात दोनच कोकरं उरली तर चुकून चुकून किती चुकेल? मी गरम हवेची गन तापायला ठेवलीसुद्धा. आणि तेवढ्यात मला पाठीतला तो धपाटा जाणवला, आबा. खोटं सांगत नाही, जागच्या जागी जाणवला.

मी गन बंद केली. मी इतका वेळ पार्टांकडे बघत होते, जागांकडेही कोरडं बघत होते, पण त्या जागा काय सांगतात ते ऐकत नव्हते. खालच्या जागेचं मीटरवरचं माप स्थिर नव्हतं, हळूहळू सरकत होतं. खऱ्या पॉवरच्या ओळीत असं सरकत नाही. मी भिंग आणखी जवळ घेतलं. त्या जागेपासून शेजारच्या कपॅसिटरपर्यंत कुंकवाची ओलसर रेघ होती, पट्टीच्या ओरखड्यात बसलेली, केसाएवढी. ती या जागेला शेजारच्यांशी जोडून दाखवत होती. लाकडी काडीनं आणि स्पिरिटनं ती रेघ घासून काढली, जागा ब्लोअरनं वाळवली आणि पुन्हा मीटर लावला. खालची जागा एकदम वेगळी झाली. शेजारच्या कुणाशी तिचं काही नातं नव्हतं, ती आपली एकटी, दूर कुठेतरी जाणारी. रेझिस्टरची जागा ती होती. माझ्या तोंडातून मोठ्यानं निघून गेलं, "ही वरडायली!" त्या दोघींना काही कळलं नाही, आणि मी समजावून सांगायच्या भानगडीत पडले नाही.

दोन्ही पार्ट बसवले. गरम हवेखाली सोल्डर वितळून पार्ट आपोआप सरळ होतो ना, तो क्षण मला फार आवडतो, पण त्या दिवशी मी चिमटा खाली ठेवलाच नाही. मधेच लाईट गेली, इन्व्हर्टरनं उचललं, गन क्षणभर मंद झाली आणि पुन्हा तापली. मग थंड होईपर्यंत थांबायचं. पेस्ट लावली, पंखा बसवला, बटण दाबलं. पंखा फिरला आणि स्क्रीन काळीच राहिली. बराच वेळ काळी. आई काहीतरी पुटपुटायला लागली. पोरीनं डोळे मिटून घेतले होते. मला माहीत होतं की अशा वेळी मशीन पहिल्यांदा स्वतःलाच तपासून बघतं, वेळ लागतो, पण माहीत असून काय होतंय. मग स्क्रीन उजळली आणि तिनं पासवर्ड मागितला. लांबलचक आकडा मागितला नाही. पोरीनं पासवर्ड टाकला, तो दोनदा चुकला, बोटंच चालत नव्हती तिची. तिसऱ्यांदा उघडलं. तिनं खात्री करायला एक रेकॉर्डिंग लावलं. एक माणूस शांत आवाजात सांगत होता की पोराला विहिरीत टाकीन, मग बस रडत. मागे एक लेकरू "आई, आई" करत होतं. मी हात पुढे करून ते बंद केलं. दोन पेनड्राइव्हवर सगळं उतरवून दिलं, एक तिच्याकडे, एक आईच्या कमरेच्या पिशवीत.

आबा, आता मी जे सांगणार आहे ते मला आधीच सांगायचं होतं, प्रोसेसर नुसता निमित्त. मीसुद्धा एक दिवस सासरहून अशीच, लॅपटॉप नाही, फोन नाही, नुसता सुजलेला हात घेऊन तुमच्याकडे आले होते. तुम्ही वाड्यापाशी होतात. मी बाही वर करून दाखवली. तुम्ही म्हणालात, "दिसतंय मला." आईनं भाकरी वाढली, मी जेवले, मी गाढ झोपले, कारण मला वाटलं, पोचले. सकाळी तुम्ही धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून तयार. माझी एक चप्पल वाटेत तुटली होती, म्हणून तुम्ही स्टँडवर मला नवीन चपला घेऊन दिल्यात, खाली बसून स्वतः मापाला घालून बघितल्यात, आणि त्याच चपलांनी मला परत त्या दारात नेऊन उभं केलंत. "लेकरू हाय. सांभाळा," एवढं त्यांना म्हणालात, चहा प्यालात आणि निघालात. मी उंबऱ्यात उभी राहून तुमची पाठ बघत होते. एका कोकराच्या आवाजानं सगळा कळप थांबवणारा माणूस, आणि वळून बघितलं नाहीत. पुढे त्याच चपला घालून मी तिथून कायमची निघाले, पण तुमच्याकडे आले नाही, वाळूजला आले. तुम्ही माझ्या खोलीवर ज्वारी घेऊन आलात तेव्हाही त्यावर अक्षर बोलला नाहीत. मीही नाही. मला तुमचा राग आहे. तुम्ही गेलात म्हणून तो गेला नाही.

त्या संध्याकाळी पोरगी लॅपटॉप पिशवीत भरत होती, तेव्हा मी तिच्या आईला हळूच विचारलं, "मावशी, ही पहिल्यांदा घरी आली तवा तुम्ही काय म्हणलात?" तिला प्रश्नच कळला नाही. "काय म्हणायचंय? पाणी दिलं. म्हणलं, पिशवी खाली नको ठेवू, फडताळात ठेव." मग जरा थांबून म्हणाली, "ह्यांनी म्हणलं, चार लोकं काय म्हणतील. मी म्हणलं, चार लोकांना जेवायला घालत नाय मी, हिला घालते." आणि ज्या बाईला मी सकाळी इतकं टोचून बोलले होते, तिनं जाताना माझ्या टेबलावरच्या मायक्रोस्कोपला हात लावून नमस्कार केला. मी नाही म्हणाले नाही. त्या गेल्यावर मी शटर अर्धं ओढून आत बसले आणि रडले. मला त्या पोरीचा हेवा वाटला.

तारीख झाली. निकाल अजून लागलेला नाही, पण कोर्टानं ते ऐकलं आणि लेकरू सध्या आईकडे राहील असं सांगितलं. परवा तिचा फोन आला होता. बोलताना मागून तिचा मुलगा आजीला सारखं काहीतरी मागत होता, आणि आजी "नाय म्हणलं ना" म्हणून त्याच्यावर खेकसत होती. फार बरं वाटलं ऐकून.

तुम्हाला वाचता येत नव्हतं आबा. घरी आलेला प्रत्येक कागद मीच तुमच्यापुढे बसून मोठ्यानं वाचायचे. तुम्ही असतात तर हेही मलाच वाचावं लागलं असतं. कुंकवाचं, निर्माल्याचं, त्या रेघेचं सगळं मी रंगवून वाचलं असतं, चपलांचंही कसंबसं वाचलं असतं. हेव्याच्या वाक्याशी आल्यावर मी ते गाळून पुढचं वाचलं असतं.